आंतरराष्ट्रीय व्यापार संघटनांचे सदस्यत्व आणि भारत : बंधन कोठे, मोकळीक कोठे?

प्रस्तावना

'भारत पुढीलपैकी कोणत्या संघटनेचा सदस्य नाही?' हा प्रश्न पदवी वर्गाच्या तसेच स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांतून वर्षानुवर्षे विचारला जातो. विद्यार्थी जागतिक व्यापार संघटना, सार्क, बिमस्टेक, ब्रिक्स, शांघाय सहकार्य संघटना अशी नावे स्थापना-वर्षांसह पाठ करतात आणि बऱ्याचदा त्यात अपेकचेही नाव घालून मोकळे होतात. (अपेकने १९९७ मध्ये नवीन सदस्यांना प्रवेश देणे स्थगित केले आणि भारत त्या संघटनेबाहेरच राहिला.) अशा यादीचा उपयोग गुण मिळविण्यापुरता असतो. सदस्य झाल्यामुळे राष्ट्राने नेमके काय मान्य केले, ते न पाळल्यास कोण विचारणार आणि न मान्य केलेल्या बाबतीत राष्ट्र किती मोकळे राहिले, हे या यादीतून कळत नाही.

हा केवळ अध्यापनाचा प्रश्न नाही. उसाचा दर असो, सोयाबीनची मंदी असो वा कांद्याची निर्यातबंदी असो, ग्रामीण महाराष्ट्रातील चर्चेत 'हे सर्व जागतिक व्यापार संघटनेमुळे झाले' असे विधान सहजपणे केले जाते. त्यातील काही भाग खरा आहे, पण बराचसा खरा नाही. दोष जिनिव्हाचा की दिल्लीचा, हे ठरविता आले नाही तर मागणी कोणाकडे करावयाची हेही ठरत नाही. प्रस्तुत लेखात भारताच्या सदस्यत्वाचे स्वरूप या दृष्टीने तपासले आहे. सर्व संघटनांना समान जागा देण्याचा येथे हेतू नाही. जेथे बंधन खरोखर कायदेशीर आहे, त्या जागतिक व्यापार संघटनेवर अधिक भर दिला आहे.

सदस्यत्वाचे प्रकार

आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांचे सदस्यत्व भागधारकाच्या सदस्यत्वासारखे आहे. राष्ट्राचा कोटा जितका मोठा, तितके त्याचे मत वजनदार. सामान्य काळात हे सदस्यत्व जाणवतही नाही. १९९१ प्रमाणे परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि कर्ज मागण्याची वेळ आली, म्हणजे अटींच्या रूपाने ते पुढे येते. ब्रिक्स किंवा जी-२० यांचे स्वरूप अगदी वेगळे आहे. तेथील घोषणापत्रांना राजकीय वजन असते, परंतु त्यांच्या भंगाबद्दल कोणत्याही न्यायपीठापुढे दाद मागता येत नाही. ब्रिक्सच्या राष्ट्रांनी स्थापन केलेली नवविकास बँक मात्र प्रत्यक्ष कर्ज देणारी संस्था आहे. शांघाय येथे मुख्यालय असलेल्या या बँकेचे पहिले अध्यक्ष २०१५ मध्ये के. व्ही. कामत झाले.

जागतिक व्यापार संघटना या दोन्हींपेक्षा निराळी आहे. येथे कोट्यानुसार मते नाहीत. निर्णय सर्वसहमतीने होतात. म्हणजे एका सदस्याने ठाम नकार दिल्यास निर्णय अडतो, आणि भारताने या अधिकाराचा वापर केलेला आहे. दुसरीकडे, एकदा दिलेले वचन लेखी सूचीत नोंदविले जाते आणि ते मोडल्यास दुसरे सदस्य-राष्ट्र तक्रार करू शकते. संघटना सोडण्याची मुभा आहे. सहा महिन्यांची सूचना दिली की पुरे. पण १६६ सदस्य असलेल्या व्यवस्थेतून बाहेर पडणे याचा अर्थ प्रत्येक गिऱ्हाईक राष्ट्राशी पुन्हा आरंभापासून बोलणी करणे, हे उघड आहे.

गॅटपासून जागतिक व्यापार संघटनेपर्यंत

जकात व व्यापारविषयक सर्वसाधारण करारावर, म्हणजेच गॅटवर, ३० ऑक्टोबर १९४७ रोजी जिनिव्हा येथे २३ राष्ट्रांनी मान्यतेची मोहोर उमटविली. स्वातंत्र्यास अवघे अडीच महिने झालेला भारत त्या २३ मध्ये होता. पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोनही होते. ८ जुलै १९४८ पासून भारत या कराराचा विधिवत पक्षकार झाला. मूळ कल्पना स्वतंत्र आंतरराष्ट्रीय व्यापार संघटना स्थापन करण्याची होती आणि तिची सनद मार्च १९४८ मध्ये हवाना येथे तयारही झाली. परंतु अमेरिकन काँग्रेसने तिला मान्यता दिली नाही. परिणामी तात्पुरता म्हणून केलेला गॅट करार सत्तेचाळीस वर्षे चालला.

या आरंभीच्या काळातील एक नोंद मुद्दाम सांगण्याजोगी आहे. अन्नटंचाईच्या त्या वर्षांत स्वस्त दूध भुकटी व तांदूळ आयात करण्याची भारताला निकड होती. त्यामुळे स्निग्धांशविरहित दूध भुकटी, तांदूळ यांसारख्या वस्तूंवर शून्य टक्के जकातीचे वचन आपण देऊन ठेवले. त्यात गमावण्यासारखे काही आहे असे तेव्हा कोणास वाटले नसावे. शिवाय पुढील अर्धशतक आयातीवर संख्यात्मक निर्बंध असल्याने जकात किती आहे, हा प्रश्नच गौण होता. परवाना मिळत नसेल तर जकात शून्य असून काय उपयोग?

हे निर्बंध भारताने गॅटच्या अठराव्या कलमातील आंतरराष्ट्रीय देवघेवीच्या तोलाच्या सवलतीखाली ठेवले होते. परकीय चलनाची तूट असणाऱ्या विकसनशील राष्ट्रांसाठी ही सवलत आहे. १९९० नंतरच्या दशकात गंगाजळी वाढू लागली, तेव्हा अमेरिकेने या सवलतीस आव्हान दिले. त्या खटल्यात नाणेनिधीचे मत मागविण्यात आले आणि भारताची गंगाजळी पुरेशी असल्याचा त्याचा अभिप्राय भारताच्या विरोधात गेला. एका संघटनेतील सदस्यत्व दुसऱ्या संघटनेतील खटल्यात असे उपयोगास येते, याची पाठ्यपुस्तकांतून क्वचितच दखल घेतली जाते. ऑगस्ट १९९९ मध्ये अपीलीय मंडळाचा निर्णय विरुद्ध गेला. त्यानंतर ७१४ वस्तूंवरील निर्बंध १ एप्रिल २००० रोजी आणि उरलेल्या ७१५ वस्तूंवरील निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठविण्यात आले.

आता पन्नास वर्षांपूर्वीचे शून्य टक्क्यांचे वचन अंगावर येणार होते. भारताने गॅटच्या अठ्ठाविसाव्या कलमाचा आधार घेऊन संबंधित राष्ट्रांशी पुन्हा बोलणी केली, अन्य वस्तूंवर सवलती देऊन मोबदला चुकविला आणि १९९९ च्या अखेरीस दूध भुकटीची कमाल जकात ६० टक्क्यांपर्यंत वाढवून घेतली. दहा हजार टनांपर्यंतच्या आयातीला १५ टक्के दर ठेवावा लागला. या नोंदीवरून दोन गोष्टी दिसतात. वचन कायमचे असते, पण किंमत मोजल्यास ते बदलून घेता येते. भारताचा दुग्ध-व्यवसाय आज ज्या जकातीच्या आडोशाला उभा आहे, तो आडोसा या फेरवाटाघाटीतून मिळालेला आहे.

बांधील दर आणि प्रत्यक्ष दर

सदस्यत्वाचे बंधन समजून घेण्यासाठी बांधील दर आणि प्रत्यक्ष दर हा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. बांधील दर म्हणजे सूचीत नोंदविलेली कमाल मर्यादा. प्रत्यक्ष दर म्हणजे सीमाशुल्क खाते त्या दिवशी जी जकात आकारते ती. मर्यादेच्या आत जकात कितीही चढविण्या-उतरविण्याचा अधिकार राष्ट्राकडे राहतो. त्यासाठी जिनिव्हाची परवानगी लागत नाही. शेतमालासाठी भारताचा बांधील दर सरासरी सुमारे ११३ टक्के आहे आणि प्रत्यक्ष दराची सरासरी त्याच्या निम्म्याहूनही कमी असते.

सोयाबीन तेलाचे उदाहरण घेऊ. बहुतेक खाद्यतेलांचा बांधील दर ३०० टक्के असताना सोयाबीन तेलाचा मात्र ४५ टक्केच आहे. हे वचन देताना अधिक सावधगिरी बाळगावयास हवी होती, असे म्हणता येईल. परंतु मराठवाडा आणि विदर्भातील सोयाबीन उत्पादकाचे नुकसान या ४५ टक्क्यांच्या मर्यादेमुळे झाले काय? सप्टेंबर २०२४ पूर्वी कच्च्या सोयाबीन तेलावरील मूळ सीमाशुल्क शून्य होते आणि उपकरांसह एकूण आकारणी ५.५ टक्के होती. १४ सप्टेंबर २०२४ पासून मूळ शुल्क २० टक्के, एकूण २७.५ टक्के झाले. मे २०२५ च्या अखेरीस ते पुन्हा १० टक्क्यांवर, एकूण १६.५ टक्क्यांवर आणले गेले. या संपूर्ण काळात शुल्क बांधील मर्यादेच्या बरेच खाली होते. शुल्क किती ठेवावे हा शहरी ग्राहक आणि सोयाबीन उत्पादक यांच्यातील हितसंबंधांचा निवाडा होता आणि तो पूर्णपणे भारत सरकारने केला.

कांद्याबाबत तर जागतिक व्यापार संघटनेचे नाव घेण्यास तितकाही आधार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावण्यात आले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद झाली, ४ मे २०२४ रोजी बंदी उठून शुल्क राहिले आणि ते १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. गॅटचे अकरावे कलम निर्यातबंदीस सर्वसाधारणपणे मनाईच करते. अन्नपदार्थांची गंभीर टंचाई टाळण्यासाठी तात्पुरत्या बंदीची सूट त्यात आहे. निर्यात शुल्कास तर मनाईच नाही. म्हणजे नियमांचा कल, झालाच तर, लासलगावच्या उत्पादकाच्या बाजूचा आहे. बंदी ही सदस्यत्वामुळे आली नसून सदस्यत्वातील पळवाटेचा उपयोग करून आली आहे.

शरद जोशी यांनी डंकेल प्रस्तावाच्या काळात जी भूमिका घेतली, तिचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. डिसेंबर १९९१ मध्ये गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी करारांचा एकत्रित मसुदा सादर केला, तेव्हा देशातील बहुतेक शेतकरी संघटना त्याच्या विरोधात उभ्या राहिल्या. जोशी यांनी मात्र त्याचे समर्थन केले. भारतीय शेतकऱ्यास मिळणारे अनुदान प्रत्यक्षात उणे आहे, निर्यातबंदी आणि दडपलेल्या भावांतून सरकार त्याच्याकडून काढूनच घेते, असा त्यांचा युक्तिवाद होता. भारताने संघटनेकडे सादर केलेल्या हिशोबातही शेतीस दिलेला एकूण आधार उणे दाखविलेला होता, ही गोष्ट त्यांच्या म्हणण्यास दुजोरा देणारी आहे. खुल्या व्यापाराने शेतकऱ्याचे सर्व प्रश्न सुटतील ही त्यांची अपेक्षा मात्र फार आशावादी होती. अमेरिका व युरोप यांनी आपली अनुदाने 'हरित पेटी'च्या नावाखाली सुरक्षित ठेवली आणि बाजार खुला झाला तो समपातळीवर नव्हे.

उसाचा खटला

बंधन कोठे खरोखर टोचते हे पाहावयाचे असेल तर साखरेचा खटला पाहावा. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन राष्ट्रांनी २०१९ मध्ये भारताविरुद्ध तक्रार केली. तंटा निवारण पॅनेलचा अहवाल डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो प्रमुख मुद्द्यांवर भारताच्या विरोधात गेला. महाराष्ट्रातील अध्यापकांनी हा अहवाल विशेष लक्षपूर्वक पाहावयास हवा, कारण त्याच्या केंद्रस्थानी रास्त व किफायतशीर दर, म्हणजेच एफआरपी आहे.

शेतीविषयक करारानुसार विकसनशील राष्ट्रास एखाद्या पिकाच्या उत्पादन-मूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत व्यापारविकृती घडविणारा आधार देता येतो. हा आधार मोजण्याची रीत अशी : सरकारने ठरविलेल्या दरातून १९८६-८८ या काळातील आंतरराष्ट्रीय संदर्भ किंमत वजा करावयाची आणि येणाऱ्या फरकास पात्र उत्पादनाने गुणावयाचे. संदर्भ किंमत जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वीची आणि दर आजचा, असा हा हिशोब आहे. चलनवाढीस त्यात पुरेसे स्थान नाही. एफआरपी सर्व उसाला लागू असल्याने सर्वच्या सर्व ऊस 'पात्र' ठरतो. पॅनेलच्या निष्कर्षानुसार २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत भारताने १० टक्क्यांची मर्यादा ओलांडली होती.

भारताचा मुख्य बचाव असा होता की, उसाचे पैसे सरकार देतच नाही. ते कारखाने देतात. सरकारने एक रुपयाही खर्च केला नसेल तर त्यास सरकारी आधार कसे म्हणावयाचे? थकीत एफआरपीसाठी साखर आयुक्तालयासमोर आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यासही हा बचाव पटला असता! पॅनेलने तो फेटाळला. दर सरकारने कायद्याने ठरविला आणि त्यापेक्षा कमी देण्यास मनाई केली, एवढे पुरेसे आहे, पैसे कोणाच्या तिजोरीतून जातात हे गौण आहे, असा त्याचा अर्थ. करारातील शब्दांकडे पाहता हे वाचन चुकीचे ठरविणे कठीण आहे. मात्र या वाचनाचा परिणाम विपरीत होतो. ज्या राष्ट्राकडे शेतकऱ्याच्या खात्यात थेट रक्कम जमा करण्याइतका पैसा आहे, त्याला हरित पेटीची वाट उपलब्ध आहे. ज्याच्याकडे पैसा नाही आणि जे केवळ दराचे संरक्षण देऊ शकते, तेच दोषी ठरते.

निर्यात अनुदानाचा मुद्दा भारतासाठी अधिक कमकुवत होता. २०१९-२० च्या हंगामात ६० लाख टन साखर निर्यातीसाठी टनामागे १०,४४८ रुपये साहाय्य देण्यात आले. वाहतूक, हाताळणी, विपणन अशी कारणे दिली गेली तरी निर्यातीशी जोडलेले साहाय्य हे निर्यात अनुदानच होय. पुढे आंतरराष्ट्रीय भाव सुधारल्याने २०२१-२२ मध्ये अनुदानाची गरज राहिली नाही आणि २०२२ पासून तर सरकारने निर्यातीवरच नियंत्रण आणले. ज्या अनुदानावरून खटला झाला ते खटल्याच्या निकालाने बंद पडले असे म्हणता येत नाही.

निकालानंतर जे घडले तेही विचार करावयास लावणारे आहे. भारताने अपील दाखल केले. परंतु अमेरिकेने सदस्यांच्या नेमणुका रोखून धरल्याने अपीलीय मंडळ ११ डिसेंबर २०१९ पासून काम करू शकत नव्हते. ज्या मंडळापुढे सुनावणी होऊच शकत नाही, तेथे अपील गेले की पॅनेलचा अहवाल स्वीकारला जात नाही आणि अंमलबजावणीही अडून राहते. अपीलीय मंडळ पुनरुज्जीवित करावे असा आग्रह भारत सातत्याने धरत आला आहे. त्याच मंडळाच्या अनुपस्थितीचा लाभही त्याने घेतला आहे. युरोपीय संघ, चीन, ब्राझील, ऑस्ट्रेलिया आदींनी २०२० मध्ये आपापसांत अपिलाची पर्यायी लवाद-व्यवस्था उभी केली. तिच्यात भारत सहभागी झाला नाही. कारखान्यांचे आणि ऊस उत्पादकांचे तात्कालिक हित पाहता ही भूमिका समजण्यासारखी आहे. पण नियमांचा आधार दुर्बलास अधिक लागतो, ही बाब विसरून चालणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली, तेव्हा सर्वाधिक पसंतीच्या राष्ट्राचे तत्त्व आणि बांधील दर या दोहोंचा भंग होत असूनही परिणामकारक दाद मागण्याची जागा शिल्लक नव्हती.

सहमतीचा अधिकार : बाली आणि नंतर

तांदूळ व गहू यांच्या सार्वजनिक साठ्याबाबत भारताने नकाराधिकाराचा परिणामकारक वापर केला. डिसेंबर २०१३ च्या बाली परिषदेत सार्वजनिक साठ्यासाठी तात्पुरते 'शांतता कलम' मिळाले. जुलै २०१४ मध्ये भारताने व्यापार सुलभीकरण करारास संमती देण्याचे नाकारले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये, कायमचा तोडगा निघेपर्यंत हे कलम लागू राहील, असे मान्य करवून घेतले. त्याचा उपयोग लवकरच झाला. २०१८-१९ मध्ये भारतातील तांदूळ उत्पादनाचे मूल्य ४३.६७ अब्ज डॉलर आणि दिलेला आधार सुमारे ५ अब्ज डॉलर होता. म्हणजे १० टक्क्यांची मर्यादा ओलांडली गेली. शांतता कलम नसते तर उसासारखाच खटला तांदळावर उभा राहिला असता. उसास हे संरक्षण नाही, कारण ऊस हा अन्नसुरक्षेचा सार्वजनिक साठा नव्हे.

प्रादेशिक संघटना

सार्कच्या चौकटीतील दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार १ जानेवारी २००६ पासून अमलात आला, पण सदस्य-राष्ट्रांचा आपापसांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपासच राहिला. पाकिस्तानशी असलेले संबंध हे याचे एक कारण आहे. भारताने पाकिस्तानला १९९६ मध्ये दिलेला सर्वाधिक पसंतीच्या राष्ट्राचा दर्जा पुलवामा हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये काढून घेतला आणि मे २०२५ मध्ये तेथून होणारी सर्व आयात बंद केली. सार्कची शिखर परिषद तर नोव्हेंबर २०१४ च्या काठमांडू बैठकीनंतर अनेक वर्षे भरलीच नाही. तरीही सदस्यत्व निष्फळ ठरले असे सरसकट म्हणणे योग्य नाही. भारताने २०११ मध्ये सार्कमधील अल्पविकसित राष्ट्रांसाठी पंचवीस वस्तू वगळता उर्वरित मालावरील जकात माफ केली. बांगलादेशच्या तयार कपड्यांना त्याचा प्रत्यक्ष लाभ झाला. बिमस्टेकची कथा अधिक संथ आहे. मुक्त व्यापाराचा आराखडा-करार २००४ मध्ये झाला, तर संघटनेची सनद प्रत्यक्ष लागू होण्यास २०२४ उजाडले.

भारताने न घेतलेल्या सदस्यत्वांमध्ये प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी, म्हणजे आरसेप, सर्वांत चर्चित आहे. २०१२ पासून वाटाघाटींत असलेल्या भारताने ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉक येथे माघार घेतली. उर्वरित पंधरा राष्ट्रांनी नोव्हेंबर २०२० मध्ये करारावर सह्या केल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून तो लागू झाला. माघारीची दोन कारणे प्रामुख्याने पुढे आली : चिनी मालाचा लोंढा आणि न्यूझीलंडची दूध भुकटी. दुग्ध-व्यवसायाविषयीची भीती रास्त होती. न्यूझीलंड आपल्या दूध उत्पादनाचा फार मोठा भाग निर्यातच करते, तर आपल्याकडे दोन-चार जनावरे बाळगणारा उत्पादक गावातल्या डेअरीला दूध घालून आठवड्याचा किराणा भरतो. साठ टक्क्यांची भिंत एका सहीने पडली असती. चीनविषयीचा युक्तिवाद मात्र पुढील अनुभवाशी ताडून पाहावा लागतो. २०१८-१९ मध्ये चीनशी होणाऱ्या व्यापारातील तूट ५० अब्ज डॉलरहून थोडी अधिक होती. आरसेपच्या बाहेर राहूनही २०२४-२५ मध्ये ती ९९ अब्ज डॉलरवर गेली. विजेचे सुटे भाग, औषधांचा कच्चा माल, यंत्रसामग्री यांचे देशांतर्गत उत्पादन उभे राहिले नाही, तोवर करारात असणे वा नसणे यामुळे ही तूट फारशी हलणार नव्हती.

मानके व भौगोलिक निर्देशांक

जकातीपलीकडील बंधने अलीकडे अधिक निर्णायक ठरत आहेत. स्वच्छताविषयक करारानुसार आयातदार राष्ट्राला शास्त्रीय आधारावर मानके ठरविण्याचा हक्क आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांमुळे युरोपने नाशिक भागातील द्राक्षे नाकारली. फळमाशीच्या कारणावरून १ मे २०१४ पासून हापूस आंब्याला युरोपची दारे बंद झाली आणि ती २०१५ च्या आरंभी उघडली. येथे करार आपल्या विरुद्ध दिसतो. पण त्याच चौकटीत बोलणी होऊन २००७ मध्ये अमेरिकेची बाजारपेठ आंब्यासाठी खुली झाली आणि लासलगावच्या विकिरण केंद्राला काम मिळाले, हेही खरे.

बौद्धिक संपदा करारामुळे भारताला १९९९ मध्ये भौगोलिक निर्देशांकांचा कायदा करावा लागला. त्याअंतर्गत कोल्हापुरी चपलेची नोंद झाली. जून २०२५ मध्ये एका इटालियन फॅशन कंपनीने तशाच चपला मिलानच्या प्रदर्शनात मांडल्या, तेव्हा 'आपल्याकडे नोंदणी आहे' असे अनेकांनी सांगितले. ही नोंदणी प्रादेशिक असते. भारतातील नोंद इटलीत आपोआप लागू होत नाही. मद्यांना करारात जे अधिकचे संरक्षण आहे, ते पादत्राणांना नाही. हे संरक्षण इतर वस्तूंपर्यंत वाढवावे ही भारताची जुनी मागणी दोहा फेरीपासून अनिर्णित पडून आहे.

राज्यांचे स्थान

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत एक विलक्षण योगायोग आहे. केंद्र सूचीतील चौदावी नोंद परराष्ट्रांशी करार करण्याविषयी आहे आणि राज्य सूचीतील चौदावी नोंद शेतीविषयी. करार करणारे एक आणि त्याचा परिणाम सोसणारे दुसरे, अशी ही विभागणी आहे. कलम २५३ नुसार कराराच्या अंमलबजावणीसाठी राज्य सूचीतील विषयांवरही संसद कायदा करू शकते. कराराला संसदेची पूर्वसंमती घेण्याचेही घटनात्मक बंधन नाही. कॅनडाने २००९ पासून युरोपीय संघाशी वाटाघाटी करताना प्रांतांच्या प्रतिनिधींना प्रत्यक्ष चर्चेत बसविले होते. बेल्जियममधील वालोनिया या प्रदेशाने तर ऑक्टोबर २०१६ मध्ये तोच करार काही दिवस रोखून धरला. भारतात आसियानशी झालेल्या करारास २००९ मध्ये केरळने रबर, मिरी यांच्या भावांच्या चिंतेने जाहीर विरोध केला, तरी १ जानेवारी २०१० पासून करार लागू झाला. साखर, द्राक्षे, कांदा, सोयाबीन आणि दूध या पाचही बाबतींत ज्याचे हितसंबंध गुंतलेले आहेत अशा महाराष्ट्राला वाटाघाटींत विधिवत स्थान नाही. राज्यांशी विचारविनिमय होतो, पण तो करावयाचा की नाही आणि किती करावयाचा, हे केंद्र शासन ठरविते.